वारा नाही, बाकी सगळं ठीक

१ मार्च

आले एकदाची. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा जुन्या कचेरीत सगळ्यांनी अशी तोंडं पाडली होती की जणू मला फासावरच चढवताहेत. तशी ती शिक्षाच होती म्हणा. तिथल्या साहेबांना पावसाचा एक आकडा थोडा फुगवून हवा होता. मी म्हटलं, आभाळातून पडलं तेवढंच लिहीन, वरचं तुम्ही तांब्याने ओता. तांब्या त्यांच्या मनाला लागला आणि मी इथे आले.

पण शिक्षा अशी असेल तर दरवर्षी व्हावी. गाव लहान, रस्ते स्वच्छ, हवा हसरी. खोली मिळाली आहे घड्याळदुरुस्तीवाल्याच्या दुकानावर. पूर्वेला खिडकी, एक टेबल, त्याचा खण अर्धाच बंद होतो. खाली वीसएक घड्याळं टिकटिकतात, प्रत्येक आपल्या मर्जीने. घरमालकीणबाईंनी विचारलं, त्रास नाही ना होणार? मी सांगितलं, एकवीस वर्षं मी पाच बहिणभावांत झोपले आहे.

कचेरी म्हणजे तीन खोल्यांची बैठी इमारत. मागे कुंपण घातलेलं चौकोनी अंगण. त्यात चार पायांवर उभी असलेली पांढरी जाळीदार पेटी, पेटीत तापमापक. शेजारी पावसाचं नळकांडं आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा. आत एक मोठं टेबल, काळा फोन, आणि ती वही. एवढी जाड की उशाला घेऊन झोपावं.

इथले साहेब सज्जन वाटले. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. पेन्सिली उंचीप्रमाणे ओळीत लावून ठेवतात. तिसरे शिपाईकाका, तीस वर्षं इथेच. चहा उत्तम करतात आणि स्वतःच्या गुडघ्याबद्दल न कंटाळता बोलतात.

३ मार्च

काम समजलं. देशाचे पाच विभाग, प्रत्येकाचं एक केंद्र, आणि सहावं आमचं. सकाळी साडेआठला प्रत्येक निरीक्षक आपापल्या अंगणात जाऊन पेटी उघडतो, पारा बघतो, वारा बघतो. नऊ ते दहाच्या दरम्यान त्यांचे फोन येतात. मी लिहून घेते. रोज एक पान, पानावर सहा ओळी. डोंगर, किनारा, जंगल, मैदान, पठार, आणि शेवटी आपण. हा क्रम कुणी का ठरवला ते साहेबांनाही माहीत नाही.

महिनाअखेर याचा गोषवारा होतो. तो वर्तमानपत्रांत छापतात, रेडिओवर वाचतात, शाळाशाळांतून फळ्यावर लिहितात. साहेब म्हणाले, मार्चचा गोषवारा सगळ्यात जास्त वाचला जातो. हिवाळ्याला विटलेल्या माणसाला कुणीतरी सरकारी कागदावर सांगावं लागतं की ऊन येतंय.

फक्त एकच गोष्ट त्यांना सहन होत नाही, रिकामी ओळ. रिकामी ओळ म्हणजे हसताना दिसणारा पडका दात, असं ते म्हणतात.

६ मार्च

माणसं अजून पाहिली नाहीत, पण आवाज ओळखीचे झाले. डोंगरावरचे खोकलेमामा. आधी खोकतात, मग आकडा सांगतात, मग परत खोकतात. त्यांच्या खोकल्यावरून मी थंडी ओळखायला लागले आहे. किनाऱ्यावरचे मास्तर पूर्वी शाळेत शिकवत. अजूनही शुद्धलेखन घातल्यासारखं सांगतात आणि 'वाचून दाखवा' म्हणतात. जंगलातल्या बाई कुजबुजतात, कारण फोनच्या वरच कुठल्याशा पाखराने घरटं केलंय. मैदानातला निरीक्षक नवा नवरा आहे. आकडे असे फेकतो की जणू चुलीवर दूध आहे. त्याला मी नवरदेव म्हणते, त्यालाही ते आवडतं.

आणि पठारावर धाकटी. माझी सख्खी धाकटी बहीण, याच खात्यात. आज तिने आकड्यांबरोबर ऐकवलं की ताई, तुझं अक्षर आता अख्खा देश वाचणार, जरा सुधार.

काय महिना आहे हा! डोंगरावर बर्फ वितळून पन्हाळी गळताहेत. किनाऱ्यावर वारं फिरलंय, होड्यांना नवा रंग चढतोय. जंगलात तांबडी पालवी. मैदानात पिवळ्या फुलांचे पट्टे. पठारावर धूळ, आणि धुळीला शिव्या देणारी माझी बहीण. एका टेबलाशी बसून मी अख्ख्या देशाचा वसंत ऐकते. याला शिक्षा म्हणतात!

९ मार्च

खोकलेमामा आज हसत होते. म्हणाले, सगळीकडे लख्ख ऊन आहे, फक्त आमच्या अंगणात धुकं. कुंपणाच्या बरोबर आत, जणू कुणी दूध मोजून ओतलंय. बाहेर बकऱ्या उन्हात चरताहेत. पेटीजवळ कुणीतरी पाठमोरं उभं आहे असंही म्हणाले. बहुतेक गुराखी असेल, त्याला हाकलतो आणि पारा बघून परत फोन करतो.

परत फोन आला नाही. लाईन गेली असेल.

१० मार्च

मामांचा फोन बरोबर नऊला आला. चौदा अंश. ओलावा शंभर. वारा नाही. बाकी सगळं ठीक.

मी गुराख्याचं विचारलं. ते म्हणाले, बाकी सगळं ठीक. मी लिहून घेतलं, फोन ठेवला, आणि मग ध्यानात आलं. ते खोकले नाहीत. एकदासुद्धा.

११ मार्च

डोंगर: चौदा, शंभर, वारा नाही. कालच्यासारखंच, दशांशाचाही फरक नाही.

मग मास्तरांचा फोन. त्यांच्या अंगणात धुकं आहे. समुद्र स्वच्छ दिसतोय, रस्ता दिसतोय, फक्त अंगण नाही. आत कुणीतरी उभं आहे, आपल्याच उंचीचं, असं त्यांनी शुद्धलेखनासारखं सांगितलं. मी म्हटलं, आज जाऊ नका. ते म्हणाले, नोंदीची वेळ झाली आहे.

१२ मार्च

किनारा: चौदा. शंभर. वारा नाही. बाकी सगळं ठीक. 'वाचून दाखवा' म्हणाले नाहीत. मी वाट बघत फोन धरून बसले होते. पलीकडे कुणी श्वास घेत असल्याचंही ऐकू आलं नाही.

लिहिलं. हात थांबला होता, पण लिहिलं.

१३ मार्च

भिंतीवरच्या नकाशासमोर उभी राहिले. डोंगर वर उत्तरेला, किनारा पार पश्चिमेला, मध्ये आठशे किलोमीटरचं मैदान. तिथून नवरदेवाने कालच खणखणीत कोरडा वारा कळवलाय. धुकं चालत गेलं असतं तर त्याच्या दारावरून गेलं असतं.

साहेबांशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं. यंत्रं जुनी आहेत, माणसं एकटी राहतात, एखादा दिवस घरात बसूनच आकडा सांगतात, ही तर जुनी रड आहे असं म्हणाले. मी म्हटलं, दोघं एकच आकडा कसा सांगतील? त्यांच्या हातात पेन्सिल होती. ती त्यांनी टोकदार केली.

दहाला जंगलातल्या बाई. अंगणात धुकं आलंय, असं कुजबुजल्या.

मी नकाशा सोडला आणि वही उघडली. डोंगर, किनारा, जंगल. नकाशावर नाही, वहीवर चाललंय ते. ओळीओळीने खाली.

१४ मार्च

जंगल: तेच. मोठ्याने, स्पष्ट आवाजात. पाखरांचं विचारलं तर म्हणाल्या, बाकी सगळं ठीक.

ही ओळ मी लिहिली नाही. साहेबांना सांगितलं, खात्री झाल्याशिवाय लिहिणार नाही.

१६ मार्च

तीन दिवस जंगलाची ओळ कोरी ठेवली आहे. तीन दिवस मैदानातून नवरदेवाची तीच घाई, तोच वारा, तेच ऊन. पठारावर धाकटी शिंकतेय. धुकं जंगलातच अडकून बसलंय.

हा योगायोग असेल तर असो. मी कोरीच ठेवणार.

१७ मार्च

दुपारी चहा पिऊन आले तर साहेब माझ्या खुर्चीत बसलेले. जंगलाची ओळ त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात भरून टाकली होती. चारही दिवसांची. दात बसवला, म्हणाले. रागाने नाही, अगदी आपुलकीने.

मी वही मिटून ठेवली. बोलायला हवं होतं.

१८ मार्च

नवरदेवाचा फोन. अंगणात धुकं.

मी जवळजवळ ओरडलेच की जाऊ नकोस, बायकोला घेऊन निघून जा. तो हसला. ताई, मी आत्ता आलोच, तिने न्याहारी वाढलीय, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

१९ मार्च

मैदान: तेच. घाई नाही.

नाही लिहिलं.

२० मार्च

मैदानातून आज दोन फोन. पहिला त्याचा, तेच. दुसरा अकरा वाजता त्याच्या बायकोचा. हळू बोलत होती, पण सरळ. नवरा परवा अंगणातून परत आला, तेव्हापासून जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून बसतो. सकाळी साडेआठला उठतो, अंगणात जातो, येतो, फोन करतो, पुन्हा बसतो.

मी विचारलं, आजारी वाटतो का?

ती म्हणाली, "आजारी असता तर मी डॉक्टर आणला असता, ताई. त्यांना उन्हात बसवलं. दोन दिवस झाले, अंगावरचे कपडे वाळत नाहीत."

मग तिने विचारलं, तो मला फोनवर काय सांगतो. मी सांगितलं. ती म्हणाली, "दिवसभर एकच विचारतात. लिहिलं का, लिहिलं का."

२१ मार्च

आता मांडून ठेवते, म्हणजे उद्या मला माझीच शंका यायला नको.

मी डोंगराची ओळ लिहिली, दुसऱ्या दिवशी किनारा. किनाऱ्याची लिहिली, दुसऱ्या दिवशी जंगल. जंगलाची कोरी ठेवली तोवर ते थांबलं. साहेबांनी लिहिली, लगेच मैदान. लिहिल्याशिवाय त्याला पुढचं पाऊल टाकता येत नाही. मैदानानंतरची ओळ पठाराची आहे. तिथे माझी धाकटी रोज साडेआठला पेटी उघडते. तिच्यानंतर आम्ही. आणि आमच्यानंतर गोषवारा. म्हणजे प्रत्येक वर्तमानपत्र, प्रत्येक रेडिओ, प्रत्येक शाळेचा फळा.

मैदानाची ओळ कोरी राहील. तो आकडा यापुढे या रोजनिशीतही लिहिणार नाही.

२२ मार्च

साहेबांशी भांडण झालं. म्हणजे मी भांडले, ते समजावत राहिले. महिनाअखेर आलीय, वर उत्तर द्यावं लागेल, तुमच्याबद्दल आधीच एक तक्रार आहे. मी म्हटलं, दोन होऊ द्या, जोडी जमेल. बदली करायची तर आता चंद्रावरच करावी लागेल.

वही घरी आणली. नियमात बसत नाही. पिशवीत बसली.

२३ मार्च

फोन नऊला सुरू झाले. डोंगर, किनारा, जंगल, मैदान. चार आवाज, पण एकच माणूस बोलतोय असे. आकडे सांगून झाल्यावर प्रत्येकाने विचारलं, लिहिलं का. मी प्रत्येकाला सांगितलं, नाही. चौथ्याला सांगितलं, आणि लिहिणारही नाही, काय करायचं ते कर.

दहाला धाकटी. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, केंद्र बंद कर आणि पहिल्या गाडीने निघ. ती चिडली. ताई, तू आकड्यापायी बदली ओढवून घेतलीस आणि मी धुक्याला भिऊन पळू? मी म्हटलं, हट्ट करू नकोस. ती म्हणाली, हट्ट कुणाकडून शिकले ते आठव. मग ती म्हणाली की कोरी ओळ किती दिवस टिकेल? कुणीतरी भरणारच. चुकीचं आहे तर खोडून बरोबर लिही की. तेच तर आपलं काम आहे.

धाकटी आहे, पण कधीकधी मोठी वाटते.

२४ मार्च

नवरदेवाच्या बायकोला फोन लावला. म्हटलं, बाई, धीर असेल तर एक कर. कुंपणापाशी जाऊन उभी राहा, आत शिरू नकोस, आणि मला खरी दिसणारी एक तरी गोष्ट सांग. तिने फोनची तार दाराबाहेर, कुंपणापर्यंत ओढली. म्हणाली, सगळं पांढरं आहे. बघत राहा, म्हटलं. ती बघत राहिली. तिचे दात वाजत होते, मला ऐकू येत होते. मग तिला पांढऱ्यामागे काहीतरी निळं हलताना दिसलं. पलीकडच्या दोरीवर वाळत घातलेला नवऱ्याचा सदरा.

हलतोय? मी विचारलं. चांगला फडफडतोय, ती म्हणाली. आणि तिचा आवाज एकदम उंचावला. कुंपणाची पलीकडची बाजू दिसते, पेटी दिसते, फुलं दिसतात.

मी लिहिलं. मैदान: वारा आहे, सदरा फडफडण्याइतका. ऊन. पिवळी फुलं. बघणारी: निरीक्षकाची पत्नी.

२५ मार्च

नवरदेवाचा फोन. घाईत. काही आठवत नाही म्हणाला, पण भूक इतकी लागली आहे की सासुरवाडीचं सगळं जेवण एकट्याने संपवेन. मी फोन ठेवला आणि रडले. शिपाईकाकांनी न विचारता दुसरा चहा आणला.

२६ मार्च

आता थांबायचं नाही. डोंगरावर पोस्टातल्या बाईंना गाठलं. कुंपणाशी उभं राहून त्यांनी बकरीच्या गळ्यातली घंटा ऐकली, मग बकरी पाहिली, मग डोंगर. मामांच्या दहा तारखेपासूनच्या ओळी खोडल्या, आजची लिहिली. तासाभरात मामा स्वतः फोनवर. पाच मिनिटं नुसता खोकला. इतकं सुरेल काही मी या महिन्यात ऐकलं नव्हतं.

किनाऱ्यावर होड्या रंगवणाऱ्या म्हाताऱ्याने बघितलं. मास्तरांनी मला सगळं दोनदा वाचून दाखवायला लावलं.

२७ मार्च

जंगल अवघड गेलं. जवळपास माणूसच नाही. शेवटी जंगलनाक्यावर फोन केला, तिथून लाकडाच्या ट्रकचा ड्रायव्हर गेला. त्याने शिव्या घालत घालत बघितलं. त्यालाही कुणीतरी दिसलं, त्याच्याच उंचीचं, त्याच्याचसारखं पोट सुटलेलं. तो म्हणाला, मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही, पालवी बघितली.

साहेबांच्या सुंदर अक्षरावर मी काट मारली. ते बघत होते. म्हणाले, बाई, चूक माझी होती.

पाचही केंद्रं मोकळी. धाकटी म्हणाली, आता तरी झोप.

२८ मार्च

सकाळी कचेरीत आले तर काका बाहेर रस्त्यावर उभे. हातात किल्ली, दार उघडलेलं नाही.

अंगणात धुकं आहे. आमच्या. रस्त्यावर ऊन, सायकली, शाळेची पोरं. आणि मागच्या खिडकीच्या काचेला पांढरं चिकटलेलं. त्याला बाकी कुठे जागा उरली नाही. जिथे वही, तिथे ते आलं.

साहेब आले, आम्ही दार उघडून आत बसलो; साडेआठला ते उठले. मी दारात आडवी उभी राहिले. त्यांनी मला हळूच बाजूला केलं.

"चाळीस वर्षं रोज गेलोय मी, बाई. आज भिऊन बसलो तर ती चाळीस वर्षं कुणी दुसऱ्यानेच केली म्हणायची."

पाच मिनिटांनी परत आले. बूट ओले. खुर्चीत बसले. पेन्सिलीकडे बघितलंसुद्धा नाही.

म्हणाले, लिहिलं का.

२९ मार्च

साहेब खुर्चीतच आहेत. घरी गेले नाहीत. त्यांच्या पत्नीला मी कळवलं की काम जास्त आहे. हे माझं या महिन्यातलं पहिलं खोटं.

खिडकीतून तासभर बघितलं. काही दिसत नाही. सदरा नाही, बकरी नाही. काच नुसती पांढरी. बाहेरून कुंपणाशीही गेले. तेच. इथे बाहेरून बघून भागणार नाही.

३० मार्च

साहेबांचा सदरा निथळतोय. जमिनीवर पाणी. लिहिलं का — दर काही मिनिटांनी. मी नाही म्हणते. तेही कंटाळत नाहीत, मीही नाही.

उद्या गोषवारा न्यायला माणूस येईल. ओळ कोरी दिली तर वरचा कुणीतरी भरेल. सुंदर अक्षरात.

काका म्हणाले, मी जातो. त्यांना मोतीबिंदू आहे. त्यांना म्हटलं, तुम्हाला चहात साखर दिसत नाही, पारा काय दिसणार. हसले. मग ठरलं. ते दार उघडं धरून उभे राहतील आणि बोलत राहतील. काहीही. मला मागे काय आहे ते ऐकू येत राहिलं पाहिजे.

धाकटीला सांगितलं. ती ओरडेल वाटलं होतं. ओरडली नाही.

"फोन खिडकीत ठेव, ताई. मी ठेवणार नाही."

मला भीती वाटते. इथे लिहून ठेवते, कारण तेही खरंच आहे. पण भीती वाटते म्हणून आकडा बदलत नाही.

३१ मार्च

साडेआठ. उभ्यानेच लिहितेय, अक्षर वाकडं. धाकटी बघणार नाही, बरंय.

वही काखेत. फोन खिडकीत. साहेब मागे — लिहिलं का, लिहिलं का — आत्ता लिहिते, साहेब, धीर धरा.

दार उघडलं. काकांचं गुडघ्यावर व्याख्यान सुरू.

तीन पावलं. पांढरं. पाय दिसत नाहीत. हात दिसतो, कागद दिसतो.

काकांचा आवाज लांब गेला. आहे पण. डावा गुडघा.

पेटीपाशी उभं आहे. पाठमोरं. माझी उंची. माझाच अंबाडा, पिन सुटलेली — माझीही सुटलीय —

त्याच्या हातात काही नाही. वही नाही, पेन्सिल नाही. म्हणून तर ह्याला आम्ही लागतो.

विचारतंय. माझ्याच आवाजात. नाही. लिहिलं नाही.

वळतंय. वळू दे. मी पाऱ्याकडे बघायला आले आहे —

गार. बोटं — पेन्सिल धरता येते अजून —

खिडकीतून धाकटी. ताई म्हणतेय. नुसतं ताई, ताई

वारा नाही म्हणे. खोटं. कागदाचा कोपरा हलतोय. मी हलवत नाहीये. कोपरा उचलला जातोय —

लिहिते. वारा आहे. मंद. दक्षिणेकडून.

समोर आलं. तोंड — नाही, ते लिहिण्यासारखं नाही. सरक. सरक बाजूला. पेटी माझी आहे.

पेटीचं दार उघडलं. पारा त्या आकड्यावर नाही. पारा वर आहे, वहीत लिहिते, पारा